एकोणिसावी चूल

ऊर्वीच्या जावळाला धुराचा वास येत होता.

संध्याकाळी तिला कुशीत घेतलं, टाळूला नाक टेकवलं, आणि तो आला. ओल्या लाकडाचा, चुलीचा धूर. आमच्याकडे गॅसची शेगडी होती, कंपनीनं दिलेली. सकाळी साडेआठपासून पोर रुकोयाजवळ होती आणि मी आतल्या खोलीत कागद घेऊन बसले होते.

"हिला कुठं नेलं होतंस आज?" मी विचारलं.

रुकोया झबली पिळत होती. तिनं मान वर केली नाही. "कुठं नाही. इथंच, ओट्यावर."

"धुराचा वास येतोय हिला."

"डोंगर आहे, नेंग. इथं सगळ्यालाच धुराचा वास येतो."

नेंग म्हणजे आपल्याकडचं 'पोरी'. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि रुकोया पंचेचाळिशीची असेल. तिला सगळे अंबू म्हणत. अंबू म्हणजे आई. तिकडे वडीलधाऱ्या बाईला तशीच हाक मारतात. मीही मारायचे. आमचं बोलणं इंडोनेशियन भाषेत चालायचं. माझी मोडकीतोडकी, आणि तिचीही फारशी बरी नव्हती, कारण त्या डोंगरात घरी बोलायची भाषा वेगळीच.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. माझा नवरा ऋषिकेश जमिनीतल्या वाफेवर वीज काढणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर होता. जावाच्या पश्चिमेच्या डोंगरांत त्यांचं खोदकाम सुरू होतं आणि आम्हाला राहायला मिळालं होतं ते एका इवल्याशा गावाच्या कुंपणाबाहेरचं लाकडी घर. कुंपणाबाहेरचं, कारण आत परक्याला घर मिळत नाही. गावाभोवती जिवंत बांबूची दाट भिंत, तिला एकच फाटक. आत काळ्या शाकारणीची, दगडांवर उभी केलेली घरं, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. खाली पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, वर धुकं. कोल्हापूरला एम.ए. करताना अशा गावांबद्दल मी नुसतं वाचलं होतं.

"तू समाजशास्त्रवाली ना?" ऋषिकेश म्हणाला होता. "साहेबांना या गावाची माहिती हवीय. लोक, घरं, पिकं, चालीरीती. वीसेक पानं लिहून काढ. तुझा वेळ जाईल, नाहीतर दिवसभर त्या वहीत डोकं घालून बसतेस."

ती वही म्हणजे ऊर्वीची वही. तीत मी तिचं सगळं लिहायची. किती वाजता दूध, किती चमचे खीर, किती थुंकली, शी कशी झाली. तेरा महिन्यांची पोर आणि वजन सात किलो चारशे. दर रविवारी कॅम्पवरच्या भाजीच्या काट्यावर मी तिला ठेवायची आणि काटा थांबेपर्यंत श्वास रोखून धरायची. ती खायचीच नाही. रव्याची खीर, मऊ भात, वरण, घोटलेला बटाटा, काहीही द्या, ओठ घट्ट मिटायची. कॅम्पवरून आठवड्यातून एकदा फोन लागायचा. आई म्हणायची, "अगं, काऊ-चिऊ दाखवत भरव." मी म्हणायची, "आई, इथं धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही, काऊ कुठनं आणू?"

मग रुकोया आली. पोर सांभाळायला. आणि सहा आठवड्यांत काटा आठ किलो दोनशेवर गेला.

वहीत मी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. खीर आता मी वेलची घालून करत होते; रुकोया ती भरवायची आणि किती चमचे गेले ते मला सांगायची. मला वाटलं, वेलचीनं जमलं.

*

गावाची माहिती सोपी होती. एकच गोष्ट नवलाची होती, ती मला आमचा दुभाषी दादांग यानं सांगितली. तो कंपनीची जीपही चालवायचा.

"मॅडम, इथं घरं मोजत नाहीत. चुली मोजतात. कुंपणाच्या आत अठरा चुली. आजोबा-पणजोबांपासून अठरा. एकोणिसावी पेटली की पामाली."

"पामाली म्हणजे?"

"म्हणजे..." त्यानं कानाच्या पाळीला हात लावला. "करायचं नाही. केलं तर डोंगर कोपतो."

"आणि एखाद्या पोराचं लग्न झालं, वेगळा संसार झाला तर?"

"मग कुणाची तरी चूल विझते. म्हातारं कुणी मेलं तर त्याची. नाहीतर एक घर खाली जातं, नदीकाठच्या वस्तीत. गेलेला माणूस परत फाटकाच्या आत येत नाही. मर्तिकालासुद्धा नाही."

रुकोयाची चूल तीन वर्षांपूर्वी अशीच विझली होती. नवरा गेला, मूलबाळ उरलेलं नव्हतं. तिची चूल पुतण्याच्या नव्या संसाराला मिळाली आणि ती धाकट्या जावेच्या, इजाच्या, चुलीवर जेवू लागली. एक मुलगी झाली होती तिला. सव्वा वर्षाची होऊन गेली. फाटकाच्या आत, बांबूच्या बेटामागं तिची मूठभर कबर होती. दर शुक्रवारी रुकोया तासभर उशिरा यायची आणि तिच्या नखांत माती असायची. मी कधी टोकलं नाही. फक्त ऊर्वीला हात लावण्याआधी साबण पुढं करायची.

धुराचा वास आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बसल्याचं नाटक केलं. दहाच्या सुमाराला ओटा गप्प झाला. बाहेर पाहिलं तर पोरीला अंगाशी बांधायची झोळी नाही, रुकोया नाही, पोर नाही.

मी फाटकातून आत गेले. मोजणीसाठी मला आत फिरायची परवानगी होती. बाया भात कांडत होत्या. एकीनं मला पाहिलं आणि मुसळ जरा जोरात आपटलं. दुसरी मोठ्यांदा गाऊ लागली. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

भाताच्या कोठारामागं, इजाच्या घराच्या पाठभिंतीला लागून, केळीच्या पानांचा आडोसा होता. आत तीन दगड. दगडांवर मुठीएवढं मातीचं भांडं. रुकोया उकिडवी बसली होती, मांडीत ऊर्वी. रुकोया भांड्यातलं काहीतरी बोटांवर घ्यायची, फुंकर मारायची, आणि माझी मुलगी, ओठ घट्ट मिटणारी माझी मुलगी, पाखरासारखा आ वासायची. खाताना ती अंगठ्याला चिकटलेलंही चाटून घेत होती.

"काय आहे ते?"

रुकोया दचकली. पण तिनं आधी भांडं बाजूला केलं नाही, ऊर्वीला हलवलं. आगीपासून लांब.

"पेज," ती म्हणाली. "भाजलेल्या तांदळाची."

"आणि?"

"सुकी मासळी. चिमूटभर. कुटून."

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. पण मला मासळीचं काही वाटलं नाही, हे मी आज कबूल करते. माझ्या डोळ्यांपुढं वही आली. खीर, सहा चमचे. खीर, आठ चमचे. ते चमचे तिनं माझ्यामागं कुणाला भरवले होते, की ओतून दिले होते?

"किती दिवस?"

"दीड महिना." ती उठली. "नेंग, रागावू नकोस. पोरीच्या फासळ्या दिसत होत्या. इजा तिच्या चुलीवर परक्याच्या पोरीचं शिजवू देत नाही. मग काय करू? माझ्या पोटासाठी नाही पेटवत. एवढीशी पेज, एवढासा धूर. शिजली की विझवते."

"ही चूल झाली ना पण?"

तिनं ऊर्वीला खाली बसवलं. मग वाकून तिनं माझे दोन्ही हात धरले. तिचे तळवे खरखरीत होते, आणि गरम.

"तू चुली मोजतेस. ही मोजू नकोस. सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही. बोललं नाही तोवर ती नाही. पण कुणी तोंडानं आकडा काढला की मला जावं लागेल. मग पलीकडचं..." तिनं बांबूच्या बेटाकडं नुसतं पाहिलं.

"बरं," मी म्हणाले. "नाही मोजणार."

"खरंच?"

"शब्द दिला ना, अंबू."

तिनं माझे हात कपाळाला लावले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई.

ऋषिकेशला मी काही सांगितलं नाही. तो म्हणाला असता, "पोरगी खातेय ना? मग झालं की." ते मला ऐकायचं नव्हतं.

*

गावप्रमुख आबाह सर्ता म्हणजे सुकलेल्या आवळ्यासारखा म्हातारा. आबाह म्हणजे आपले आबाच. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती : "आमच्याविषयीचं लिहिलेलं कुंपणाबाहेर जायचं असेल, तर आधी आमच्या कानांवरून जाऊ दे." म्हणून वीस पानं पुरी झाल्यावर एका बुधवारी सकाळी सगळं गाव सभाघरात जमलं. पुरुष आत, बायका पायऱ्यांवर आणि खाली. मी इंग्रजीत लिहिलेलं दादांग त्यांच्या भाषेत वाचून दाखवणार होता.

मी ऊर्वीला नवा फ्रॉक घातला होता. आईनं कराडहून पाठवलेला, पिवळा. पायऱ्यांपाशी आम्ही पोचलो तेव्हा रुकोया बायकांत बसलेली होती. ऊर्वीनं तिला पाहिलं आणि माझ्या कडेवरून अख्खी पुढं झुकली. दोन्ही हात पसरून.

"अंबू!"

तोवर ती एकही शब्द बोललेली नव्हती. रोज मी तिच्यापुढं 'आई' म्हणत होते. रोज, आरशात, अंघोळीत, झोपताना. वहीत त्यासाठी वेगळं पान होतं. कोरं.

बायका खदखदून हसल्या.

"ऐका! रुकोयाला म्हातारपणी पोर झालं गं!"

"रंग बापावर गेलाय!"

"आणि ही कोण उभी मग?" इजा माझ्याकडं हनुवटी करून म्हणाली. "दाई वाटतं."

दादांगनं तेव्हा अर्थ सांगायचं टाळलं, तो मला नंतर कळला. पण हावभावांना भाषांतर लागत नाही, आणि दाई या अर्थाचा तो शब्द मला येत होता. ऊर्वी रडायला लागली. मी घट्ट धरलं तर माझ्या छातीवर हात रोवून मागं ढकलू लागली. शेवटी मी तिला सोडलं. रुकोयानं घेतलं, आणि रडं नळ बंद करावा तसं थांबलं.

"लहान आहे, नेंग," रुकोया हळूच म्हणाली. "तिला काय कळतंय."

"हो ना," मी म्हणाले, आणि हसलेही.

दादांगनं कागद मागितले. एकदा शेवटचं डोळ्याखालून घालते म्हटलं, आणि पेन उघडलं.

वाचन छान चाललं होतं. खाचरांचं वर्णन आलं तेव्हा म्हातारे माना डोलावत होते. ताडाच्या गुळाबद्दल मी लिहिलं होतं तिथं कुणीतरी म्हणालं, "हिला एक ढेप द्या बरोबर." सगळे हसले. मग दादांग एका ओळीपाशी अडखळला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि कागद माझ्या बाजूला कलता केला.

"मॅडम," तो ओठ न हलवता म्हणाला, "इथं एकोणीस लिहिलंय."

"हो."

"चुकून लिहिलंय का? मी अठरा वाचतो."

"जे लिहिलंय ते वाचा."

त्यानं वाचलं. खाली भात टिपणाऱ्या कोंबड्यांचा आवाज मला ऐकू येऊ लागला.

आबाह सर्ता बराच वेळ आपल्या गुडघ्यांकडं पाहत राहिले. मग अगदी प्रेमानं, नातीशी बोलावं तसं बोलले, आणि दादांगनं एकेक वाक्य मला सांगितलं.

"नेंग शिकलेली आहे. चांगलं लिहिलंस. पण आमच्याकडं धुकं फार. धुक्यात एकाच चुलीचा धूर दोन जागी दिसतो. मी सत्तर वर्षं मोजतोय, मीही कितीदा फसलोय." कुणीतरी बळंच हसलं. "डोळे मीट, पुन्हा आठव. घाई नाही. मग सांग, किती?"

मी डोळे मिटले नाहीत. पायरीवर रुकोया बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, ती ऊर्वीकडं पाहत होती. झोळीत ऊर्वीला पेंग आली होती आणि तिच्या मुठीत रुकोयाच्या पोलक्याचा काठ होता.

"एकोणीस," मी म्हणाले.

दादांगला भाषांतर करावं लागलं नाही. तेवढा आकडा मला त्यांच्या भाषेत येत होता.

"कुठं?" आबाहांनी विचारलं. त्यांचा आवाज आता नुसता म्हाताऱ्याचा होता.

मी बोट दाखवलं.

*

ज्यानं मोजलं त्यानं पाहायचं, असा तिथला नेम. मला कोठारामागं उभं केलं. तीन दगडांत राख गारच होती. त्या सकाळी रुकोयानं काही शिजवलं नव्हतं. तरी अठरा चुलींच्या अठरा बायका रांगेनं आल्या. प्रत्येकीच्या हातात करवंटीची पळी, पळीत पाणी. पहिली इजा. तिनं पाणी ओतलं नाही, फेकलं. राख उडून रुकोयाच्या तोंडावर बसली. त्यानंतर एकेक. इतके दिवस मुसळ आपटून, गाणं म्हणून जिनं जिनं त्या धुराला झाकलं होतं, तिनं तिनं पळी रिकामी केली. कुणी रुकोयाशी बोललं नाही. ती बाजूला उभी राहून पायांपर्यंत आलेल्या काळ्या पाण्याकडं बघत होती. चौदाव्या की पंधराव्या पळीला ती स्वतःशीच म्हणाली, "पुरे झालं की. भिजलंय."

"अठरा," आबाह म्हणाले.

आणि अठरा झाल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन फाटकाला लागायच्या आत ती बाहेर पडली. जाणाऱ्यानं आपल्या चुलीचे दगड बरोबर न्यायचे असतात. तिनं ते झोळीत बांधले होते. त्याच नक्षीच्या झोळीत, जीत इतके दिवस ऊर्वी झोपली होती. वाट आमच्या घरावरूनच होती. मी दार लावून घ्यायला गेले, पण ती ओट्याशी येऊन थांबली.

आत ऊर्वीनं तिची चाहूल ओळखली. "अंबू! अंबू!"

रुकोया आत आली नाही. दगडांच्या वजनानं ती एका बाजूला वाकली होती.

मला वाटलं, आता बोलेल. शिव्या देईल. मी उत्तर तयार ठेवलं होतं : मी फक्त मोजलं. जे होतं तेच लिहिलं. खोटं लिहिणं माझ्या शिक्षणात बसत नाही.

"तांदूळ आधी कोरडे भाजायचे," ती म्हणाली. "लाल होईपर्यंत नाही, वास सुटेपर्यंत. मग भरडायचे. मासळी नको असेल तर नको घालू, मीठ जरा जास्त टाक."

मी दाराची कडी धरून उभी होते.

"आणि चमचा नको. लोखंड तोंडाला लागलं की ती दात मिटते. बोटांनी भरव. आधी फुंकर मार, तिला दाखवून. तिला वाटायला हवं की तूच ते गार केलंस."

"अंबू," मी म्हणाले. पुढं काय म्हणणार होते ते मला आजही ठाऊक नाही.

"शुक्रवारी..." ती म्हणाली आणि थांबली. बांबूच्या भिंतीकडं तिनं पाहिलं. कदाचित मला काही सांगणार होती, कबरीवरच्या गवताबिवताचं. मग तिनं झोळी दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि ते मनातच ठेवून उतरणीला लागली. दगड एकमेकांवर वाजत होते. वळण येईपर्यंत ऐकू येत होते.

ऊर्वी तीन दिवस जेवली नाही. पाणीसुद्धा मी कापसानं पाजलं. चौथ्या दिवशी मी तांदूळ भाजले, वास सुटेपर्यंत. भरडले. गॅसवर पेज केली. बोटांवर घेतली, तिला दाखवून फुंकर मारली. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं तोंड उघडलं.

वहीत लिहिलं : पेज, अर्धी वाटी. माझ्या हातून.

पंधरवड्यानं कंपनीनं अहवालाची पक्की प्रत मागितली. छापायला जायची होती. मी पानं पुन्हा चाळली आणि 'एकूण चुली' या ओळीपाशी आले. तिथं आधी मी अठराच लिहिलं होतं. रुकोयाला शब्द दिला त्याच संध्याकाळी, ठळक, पेनानं. सभाघराच्या पायरीवर बायका हसत असताना ते खोडून वर एकोणीस लिहिलं होतं. आता चूक नको म्हणून एकोणीस खोडलं आणि त्याच्याही वर पुन्हा लिहिलं, अठरा.

छापल्यावर खाडाखोड दिसत नाही. ऋषिकेशच्या साहेबांनी निरोप पाठवला होता : वहिनींनी फार बारकाईनं काम केलंय, एकही आकडा चुकीचा नाही.